हॉवर्डच्या कराराचे ऑडिट

रुबेन अमारो ज्युनियर यांना फिलाडेल्फिया फिलीज या अमेरिकन बेसबॉल संघाने सप्टेंबर २०१५ मध्ये जनरल मॅनेजर पदावरून, म्हणजे खेळाडू निवडण्याच्या आणि त्यांचे करार ठरवण्याच्या जबाबदारीवरून, दूर केले. त्या शनिवारी आमच्या शेजारचे काका चहाला आले होते. काका सत्तरच्या दशकात ठाण्याहून नोकरीसाठी इथे अमेरिकेत आले आणि १९८० मध्ये फिलीजने पहिली वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगचे अजिंक्यपद, जिंकल्यापासून या संघाचे निष्ठावंत आहेत. खुर्चीत टेकता टेकताच ते संघाचा बडा बॅटर रायन हॉवर्ड याच्या २०१० मधल्या कराराबद्दल म्हणाले, "फार उशीर केला यांनी. हॉवर्डला साडेबारा कोटी डॉलर दिले, त्याच दिवशी याला घरी पाठवायला हवं होतं." मी पुण्यात सीए झालो आणि गेली काही वर्षे इथल्या एका कंपनीत अंतर्गत लेखापरीक्षण करतो, त्यामुळे तारखेचा उल्लेख आला की माझे कान टवकारतात. मी विचारले, "काका, हे तुम्ही आज म्हणताय. त्या दिवशी काय म्हणाला होतात?" काकांनी बशीत चहा ओतला आणि थोड्या वेळाने म्हणाले, "त्या दिवशी मला बरंच वाटलं होतं."

त्यांच्या या प्रामाणिक उत्तरामुळे मी एका भानगडीत पडलो. अमारो यांच्या कारकिर्दीतील महागडे करार आणि संघनिवडीचे मोठे निर्णय एका एक्सेल शीटमध्ये मांडायचे आणि ऑफिसात एखाद्या खर्चाची तपासणी करतो त्याच रीतीने त्यांची तपासणी करायची, असे मी ठरवले. काम चार रविवारांत उरकेल असा माझा अंदाज होता, तो साफ चुकला.

पहिला मसुदा एका संध्याकाळीच तयार झाला होता. एका रकान्यात दिलेले पैसे आणि दुसऱ्यात वॉर, म्हणजे सहज उपलब्ध होणाऱ्या बदली खेळाडूच्या तुलनेत या खेळाडूने संघाला किती जादा विजय मिळवून दिले त्याचा अंदाज. रायन हॉवर्डच्या नव्या कराराच्या वर्षांचे वॉर शून्याच्याही खाली गेले होते, पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, कोल हॅमल्स पैसे वसूल करून देत होता, दुसरा पिचर क्लिफ ली बऱ्यापैकी होता. निकाल स्पष्ट दिसत होता आणि त्याच कारणाने मला त्याची शंका आली. ताळेबंदाच्या तारखेनंतर गोदामाला आग लागली म्हणून आदल्या वर्षीच्या खरेदी अधिकाऱ्यावर आक्षेप घेता येत नाही, आणि मी नेमके तेच करत होतो. म्हणून तो मसुदा बाजूला ठेवला आणि नवे रकाने आखले: सहीची तारीख, करार लागू होताना खेळाडूचे वय, त्या दिवशी काय काय ठाऊक होते, थांबण्यास वाव होता का, आणि या करारामुळे पुढे कोणते दरवाजे बंद झाले. शेवटचा रकाना मी केवळ सवयीने घातला होता. सगळ्यात जास्त काम त्यानेच दिले.

ज्यांना क्रिकेट अधिक जवळचे आहे त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. आयपीएलमध्ये प्रत्येक संघाच्या खर्चाला ठरलेली मर्यादा असते आणि दर काही वर्षांनी मोठा लिलाव होऊन संघ जवळजवळ नव्याने बांधता येतो. मेजर लीग बेसबॉलमध्ये खर्चाला कमाल मर्यादा नाही. ठरावीक रकमेच्या वर गेल्यास लक्झरी टॅक्स भरावा लागतो, आणि ती रक्कम २०११ मध्ये १७ कोटी ८० लाख डॉलर होती. मात्र करार झाला की त्यातला पैसा हमीचा असतो. खेळाडू जायबंदी झाला, फॉर्म हरवला, अगदी संघातून काढून टाकला तरी तो द्यावाच लागतो. शिवाय दहा वर्षे लीगमध्ये आणि त्यांतली शेवटची सलग पाच वर्षे एकाच संघात काढलेल्या खेळाडूला, त्याच्या संमतीवाचून दुसऱ्या संघाकडे धाडता येत नाही. जनरल मॅनेजरची चूक त्यामुळे त्या हंगामाबरोबर संपत नाही, पुढची काही वर्षे ती पगारपत्रकावर दिसत राहते.

हॉवर्डच्या ओळीवर मी तीन आठवडे घालवले. २६ एप्रिल २०१० रोजी त्याच्याशी झालेला करार पाच वर्षांचा आणि १२ कोटी ५० लाख डॉलरचा होता: पहिली दोन वर्षे प्रत्येकी दोन कोटी, पुढची तीन प्रत्येकी अडीच कोटी, आणि २०१७ साठी त्याला ठेवायचे नसल्यास सुटकेचे एक कोटी. त्या दिवशी त्याच्या नावावर २००६ चा एमव्हीपी, म्हणजे हंगामातल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूचा, किताब होता, त्या हंगामातले ५८ होमरन होते, आणि २००८ च्या विजेत्या संघाचा तो आधारस्तंभ होता. एवढे पाहिले तर काकांना बरे वाटले यात नवल नाही. पण तारखेच्या शेजारच्या रकान्यात दुसरी तारीख लिहिताना माझा हात थांबला. हॉवर्डचा जुना करार २०११ च्या अखेरीपर्यंत होता. म्हणजे नवा करार लागू होणार होता २०१२ मध्ये, तो बत्तीस वर्षांचा असताना, आणि तोपर्यंत जवळजवळ दोन पूर्ण हंगाम त्याचा खेळ पाहण्याची मुभा क्लबच्या हाती फुकट होती. ती मुभा त्यांनी स्वतःहून सोडून दिली.

"पण थांबले असते तर किंमत वाढली असती," काकांचा हा मुद्दा मी टाळला नाही. हॉवर्डचा जुना करार संपला असता त्याच हिवाळ्यात, म्हणजे डिसेंबर २०११ मध्ये, एंजल्सनी आल्बर्ट पुहोल्सला दहा वर्षांसाठी २४ कोटी दिले आणि जानेवारीत टायगर्सनी प्रिन्स फिल्डरला नऊ वर्षांसाठी २१ कोटी ४० लाख दिले, हे खरेच आहे. तरीही २०१० मध्ये ठाऊक असलेल्या गोष्टींची यादी केली तर ती हॉवर्डच्या बाजूने नव्हती. २००७ आणि २००८ या दोन्ही हंगामांत तो प्रत्येकी १९९ वेळा स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद, झाला होता, डावखुऱ्या पिचरपुढे अडखळत होता, आणि हॉवर्डसारख्या धिप्पाड देहाच्या फर्स्ट बेसमनची, म्हणजे पहिल्या बेसवरच्या क्षेत्ररक्षकाची, कारकीर्द तिशीनंतर कशी झपाट्याने उतरते याचे उदाहरण जुने नव्हते: १९९८ च्या अखेरीस सहा वर्षांसाठी आठ कोटी घेणारा मो वॉन पस्तिसाव्या वर्षी शेवटचा सामना खेळून चुकला होता. ७ ऑक्टोबर २०११ रोजी कार्डिनल्सविरुद्ध प्लेऑफच्या पाचव्या सामन्यात अखेरचा बाद होताना, बॅट टाकून धावायला निघालेल्या हॉवर्डच्या डाव्या पायाचा अकिलीस स्नायुबंध तुटला. त्या दुखापतीचा दोष मी अमारो यांच्या माथी मारला नाही. पण करार झाला नसता तर त्या दुखापतीचा आर्थिक धोका खेळाडूच्या डोक्यावर राहिला असता, तो दीड वर्ष आधीच क्लबने आपल्या डोक्यावर घेतला, हा माझा आक्षेप आहे आणि तो सहीच्या दिवसाचा आहे.

याच ओळीत २०१४ चा एक आकडा मला बराच वेळ चकवत राहिला. त्या हंगामात हॉवर्डने ९५ आरबीआय केले, म्हणजे त्याच्या फटक्यांवर ९५ धावा निघाल्या, आणि पहिल्या नजरेत तो पुन्हा जुना हॉवर्ड वाटू लागला. मग कळले की चौथ्या क्रमांकावर खेळणाऱ्याच्या आधीचे बॅटर बेसवर पोचलेले असले, की आरबीआयची संधी त्याच्याकडे आपोआप चालून येते. ती किती वेळा वाया गेली हे आरबीआय सांगत नाही. त्याच हंगामात तो १९० वेळा स्ट्राइकआउट झाला होता आणि त्याची बॅटिंग सरासरी होती .२२३, म्हणजे शंभर संधींत जेमतेम बावीस यशस्वी फटके. अमारो यांनी करार करताना मागच्या आरबीआयकडे पाहिले असेल का, हे मला ठाऊक नाही. मी स्वतः मात्र पाहिले होते, हे इथे कबूल करतो.

क्लिफ लीची ओळ नेमकी उलट निघाली. डिसेंबर २००९ मध्ये टोरांटोकडून पिचर रॉय हॅलडे मिळवताना अमारो यांनी त्याच वेळी लीला सिअॅटलला देऊन टाकले. कारण सांगितले होते की हॅलडेसाठी दिलेल्या तरुण खेळाडूंची जागा भरून काढायची आहे. लीच्या बदल्यात आलेल्या तिघांपैकी एकानेही संघाला म्हणावा तसा हातभार लावला नाही. एका वर्षाने त्याच लीला पाच वर्षांसाठी १२ कोटी डॉलर देऊन परत आणले. काका यालाच वेडेपणा म्हणतात, पण दोन निर्णय वेगळे केले तर वेडेपणा पहिल्यात आहे, दुसऱ्यात नाही. २०११ मध्ये लीने १७ सामने जिंकले आणि संघाने १०२. पुढच्या वर्षी त्याचे विजय जेमतेम सहा भरले, पण ते पाहून त्याचा खेळ ढासळला म्हणणे चुकीचे ठरेल, कारण एप्रिल २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्याने दहा डाव एकही धाव न देता टाकले आणि तरीही संघ १-० ने हरला. समोरच्या पिचरांपुढे आपल्या बॅटरना एक धाव काढता आली नाही, त्याचा हिशेब लीच्या खात्यात कसा धरणार?

जोनाथन पॅपलबॉनच्या बाबतीत मला माझेच नियम बदलावे लागले. नोव्हेंबर २०११ मध्ये त्याला चार वर्षांसाठी दिलेले पाच कोटी ही रिलीव्हर, म्हणजे सामना सुरू झाल्यावर बदली येणाऱ्या, पिचरसाठी तोवरची सर्वांत मोठी रक्कम होती, आणि त्याने पिचिंगही चोख केले. सेव्हच्या, म्हणजे आघाडी टिकवून संपवलेल्या सामन्यांच्या, संख्येत त्याने क्लबचा विक्रमही मोडला. पैशाच्या मोबदल्यात काम मिळाले, म्हणून पहिल्या मसुद्यात मी त्याच्यापुढे बरोबरची खूण केली होती. पण क्लोजर हा आघाडीवर असलेल्या सामन्याच्या शेवटच्या डावापुरता येणारा माणूस. २०१३ आणि २०१४ मध्ये फिलीजने १६२ पैकी फक्त ७३-७३ सामने जिंकले. ज्या घरात भांडी घासायला पाणी नाही तिथे चांदीचा डबा घासायला स्वतंत्र माणूस ठेवावा, तसा तो खर्च झाला. खूण मी खोडली.

इतके झाल्यावर मला वाटू लागले की मी चुकीच्या कागदांवर अडकून पडलो आहे. करार डोळ्यांत भरतात, कारण त्यांवर रक्कम लिहिलेली असते. जो निर्णय घेतलाच गेला नाही त्याचे व्हाउचर नसते. म्हणून मी प्रत्येक वर्षीची ३१ जुलै, म्हणजे त्या काळातली ट्रेडची, खेळाडूंच्या अदलाबदलीची, अंतिम मुदत, एकेका वेगळ्या ओळीत लिहिली आणि त्या दिवशी संघ कुठे होता ते मांडले. जुलै २०११ मध्ये ह्यूस्टनकडून बॅटर हंटर पेन्स घेण्यासाठी चार तरुण खेळाडू दिले, तेव्हा संघ अव्वल होता आणि त्यात मला खोट दिसली नाही. जुलै २०१२ मध्ये एकीकडे हॅमल्सशी सहा वर्षांसाठी १४ कोटी ४० लाखांचा करार झाला आणि आठवड्याच्या आतच पेन्स व शेन व्हिक्टोरिनो या दोन खेळाडूंना दुसऱ्या संघांकडे धाडले. एका हाताने बांधायचे आणि दुसऱ्याने मोडायचे, असा तो आठवडा होता. त्यानंतर दोन वर्षे मोडणेही थांबले.

३१ जुलै २०१४ ची ओळ लिहिताना मी आणि काका शेजारी बसलो होतो. संघ तळाशी होता, जुन्या खेळाडूंना विकून तरुण घेण्याची वेळ केव्हाच आली होती, पण दुपारी चार वाजता मुदत संपली तेव्हा अमारो यांनी एकाही बड्या खेळाडूचा सौदा केलेला नव्हता. त्याच संध्याकाळी वॉशिंग्टनमध्ये ली पिचिंगला उतरला आणि तिसऱ्या डावात कोपराच्या दुखण्याने मैदानाबाहेर गेला. मेजर लीगमध्ये तो पुन्हा कधीच खेळला नाही. "हा सामना मी टीव्हीवर पाहिला होता," काका म्हणाले, "चेंडू टाकल्यावर हात झटकून डगआउटकडे पाहत होता." मी विचारले, "मग आता साडेबारा कोटींचा करार मोठा की ही दुपार?" काकांनी उत्तर दिले नाही, पण शीटवर ती ओळ पिवळी करायला सांगितली.

संघाचे जुने लाडके खेळाडू, म्हणजे जिमी रॉलिन्सला डिसेंबर २०१४ मध्ये आणि हॅमल्स, पॅपलबॉन व चेस अटलीला २०१५ च्या उन्हाळ्यात अखेर विकले गेले, म्हणजे बैल गेला आणि झोपा केला. त्यातही हॅमल्सने जाण्यापूर्वी शेवटच्या सामन्यात शिकागोत नो-हिटर टाकून, म्हणजे समोरच्या संघाला एकही हिट न देता, दाखवला, त्यामुळे निदान त्याची किंमत तरी टिकली.

माझा अंतिम शेरा काकांपेक्षा वेगळा निघाला. हॉवर्डचा करार सहीच्या दिवशीच चुकीचा होता, लीचा योग्य होता, हॅमल्सचा उत्तम, पॅपलबॉनचा संघाला न परवडणारा. पण या क्लबला मागे खेचले ते २०१२ ते २०१४ या काळात हातावर हात ठेवून बसण्याने. त्यात सर्व दोष अमारो यांचा होता असेही मी लिहिले नाही, कारण शेकडो सामने सलग हाऊसफुल्ल गेलेल्या मैदानात, लोकांचे लाडके चेहरे विकायला मालक मंडळी किती तयार होती, हे तपासण्याचे साधन माझ्याकडे नाही. त्या रकान्यात मी "तपासणीच्या कक्षेबाहेर" असे लिहिले. काका म्हणाले की ही ऑडिटरांची पळवाट आहे, आणि ते काही अगदीच चूक नव्हते.

एक ओळ मात्र वर्षभर उघडी राहिली. ऑक्टोबर २०१६ मध्ये हॉवर्डच्या शेवटच्या सामन्याला मी आणि काका गेलो होतो. निरोप देताना सगळे मैदान उभे राहिले आणि साडेबारा कोटींचा विषय आमच्यापैकी कोणी काढला नाही. नंतरच्या महिन्यात क्लबने २०१७ चा पर्याय नाकारला, तेव्हा मी फाइल उघडून शेवटची नोंद केली: रायन हॉवर्ड, २०१७, एक कोटी डॉलर, सामने शून्य.