आमची वाटचाल: तक्ता, वेबसाईट आणि उलटे आटे

मुंबईत नागदेवी स्ट्रीटला फास्टनरच्या, म्हणजे नट-बोल्टच्या, लाईनीत मराठी आडनावाच्या पाट्या मोजक्याच. आजूबाजूला बोहरी, गुजराती, मारवाडी, आणि धंदा आम्ही शिकलो तो त्यांच्याकडूनच, हे सांगायला मला लाज नाही. पण आमच्या गल्लीत स्वतःची वेबसाईट आधी कोणाची आली विचाराल तर आमची. हे कोणी सांगत नाही म्हणून मीच लिहितोय.

वडील लोअर परळच्या गिरणीत फिटर. १९८२ च्या जानेवारीत संप झाला, तो काही सुटला नाही, आणि वडील इथे एका शेठकडे काउंटरवर उभे राहिले. गिरणीतली मशिनं लँकेशायरहून आलेली, म्हणजे आटे बीएसडब्ल्यू, जुन्या ब्रिटिश मापाचे, त्यामुळे इंची माल त्यांना तोंडपाठ. चार सुती (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) बोल्ट हातात घेतला की गेज न लावता सांगायचे, हा बीएसडब्ल्यू की अमेरिकन यूएनसी. लाईनीतल्या माणसाला यातली गोम माहीत आहे. दोन सूत, तीन सूत घ्या, दोघांचे आटे इंचाला सारखेच, कोनात ५५ आणि ६० चा फरक असला तरी नट कसाबसा चालून जातो. चार सुताला मात्र एकाचे बारा, दुसऱ्याचे तेरा. नट दोन-तीन फेरे गोड बोलून फिरतो आणि मग अडकतो तो अडकतोच, वर पोरगं पाना लावून जोर करतं आणि बोल्टही जातो नटही जातो. म्हणून सांगतो, खिशात आटे मोजायचं पिच गेज ठेवत जा. मोबाईल घरी राहिला तरी चालेल.

पुढे त्याच शेठनी अर्धा गाळा पागडीवर मिळवून दिला आणि आमची पाटी लागली. मधली वर्षं सांगत बसत नाही, माल आला, माल गेला, उधारी काही आली काही बुडाली.

आता वेबसाईट. जुनी वेबसाईट भाच्याने कॉलेजात असताना रात्री बसून केलेली. वर फ्लॅशमधला एक बोल्ट गोल गोल फिरायचा आणि खाली एकच लांबलचक तक्ता, मागे पिवळा रंग. साईझ, लांबी, पिच, ग्रेड, डोक्याला पाना कितीचा, शंभर नगाचं वजन, पेटीत नग किती, रेट. बस्स. दिसायला भयाण होती हे मीही म्हणतो, पण गिऱ्हाईक त्यावर बोट ठेवून फोन करायचं आणि दोन मिनिटांत ऑर्डर लिहून व्हायची. साकीनाक्याच्या काकांनी (ते कोण, पुढे सांगतो) तर त्या तक्त्याची प्रिंट लॅमिनेट करून लेथशेजारी भिंतीला लावलेली, तिच्यावर कटिंग ऑईलचे इतके डाग की एम८, म्हणजे ८ मिलीमीटरच्या बोल्टची, ओळ आता दिसतच नाही, पण काकांना ती पाठ आहे.

बदलायची वेळ आली ती आमच्या हौसेने नाही. २०१८ पासून क्रोम आमच्या नावाआधी 'नॉट सिक्युअर' दाखवायला लागलं, तळोज्याच्या एका परचेसवाल्याने सरळ विचारलं, शेठ पैसे बुडणार तर नाहीत ना. मग २०२० संपता संपता फ्लॅशच बंद झालं आणि फिरणाऱ्या बोल्टच्या जागी करडा चौकोन आला. मोबाईलवर तर तक्ता निम्माच दिसायचा. तेव्हा एक एजन्सी गाठली, नाव घेत नाही, ऑफिस काचेचं, कॉफी चांगली. पहिल्याच मीटिंगला मी सांगितलं होतं, बाकी काय ते करा पण तक्ता हलवू नका, आणि ते व्हॉट्सअॅपवर लिहूनही दिलं होतं, अजून आहे माझ्याकडे. त्यांचं म्हणणं, अंकल, टेबल आता कोणी वापरत नाही, युजरला 'जर्नी' द्यावी लागते. अहो आमचा युजर लेथ बंद करून, हात पुसून, चष्मा लावून बघतोय, त्याला कसली जर्नी देताय!

नवीन वेबसाईट चालू झाली आणि पहिल्या दिवशी अभिनंदनाचा पाऊस. साडू म्हणाले एकदम कॉर्पोरेट. मेहुणीने सहा अंगठे पाठवले. यातल्या कोणीही आयुष्यात एक वॉशर विकत घेतलेला नाही.

ज्यांनी घेतलेत त्यांचे फोन दुसऱ्या दिवसापासून. डोंबिवली एमआयडीसीतले एकजण म्हणाले, तुमचं एम६ संपलं काय? संपलेलं नव्हतं, यादी अक्षरांनी लागलेली, एम१० आधी, मग एम१२, एम१६, एम२०, आणि सगळ्यात खाली एम३, एम४, एम५, एम६. तिथपर्यंत कोण जातोय. दुसऱ्याने दहा बाय चाळीस शोधलं तर 'नो प्रॉडक्ट्स फाउंड' आणि खाली रडका चेहरा. इकडे मागे दहा-चाळीसच्या पेट्या छताला टेकलेल्या! शोधून शोधून कळलं की यादीत मधे गुणाकाराची खूण घातलीय आणि गिऱ्हाईक टाईप करतं इंग्रजी एक्स. माणसाला दोन्ही सारखं, कॉम्प्युटरला नाही. इंची माल तर 'लेगसी' नावाच्या कप्प्यात टाकून दिलेला, वडील असते तर एजन्सीवाल्याला तिथेच चार सूत दाखवलं असतं. रेटच्या जागी 'गेट अ कोट'चं बटण, ते दाबलं की नाव, कंपनी, हुद्दा, ईमेल, आणि 'आमच्याबद्दल कुठून कळलं'. तीस वर्षांचं गिऱ्हाईक, त्याला विचारताय कुठून कळलं. एकाने उत्तर लिहिलं, 'तुमच्या वडिलांकडून'.

पान्याचा रकानाही उडवलेला. त्यांच्या मते ती टेक्निकल गर्दी. आता एम१० चा हेक्स बोल्ट जुन्या जर्मन स्टँडर्डचा, डीआयएन ९३३ चा असेल तर डोकं १७ चं, आंतरराष्ट्रीय आयएसओ ४०१७ चा असेल तर १६ चं. अंबरनाथला माल गेला १६ चा, त्यांच्या लाईनीवर पाने सगळे १७ चे, कडा झिजल्या, अख्खी पेटी परत. टेम्पोचं भाडं कोणी भरलं असेल ओळखा.

आणि मग काकांचा फोन. काका वडिलांचे गिरणीतले जोडीदार, संपानंतर साकीनाक्याला एक सेकंडहँड लेथ टाकून बसले आणि तेव्हापासून एक ग्रब स्क्रू लागला तरी आमच्याकडूनच.

"काय रे, उलट्या आट्याचे बोल्ट कधीपासून ठेवायला लागलास?"

"नाही काका, कुठे?"

"तुझ्या वेबसाईटवर. केवढा मोठा लावलायस, बघ जरा डोळे उघडून."

बघितलं. पहिल्याच पानावर भलामोठा बोल्ट, चकाचक, पाण्याचे थेंब वगैरे, आणि आटे उलटे. बेंच ग्राइंडरच्या डाव्या चाकाला लागतात तसे. एजन्सीच्या पोराने मजकूर डावीकडे बसवायला फोटो आरशासारखा फिरवलेला. आमच्या ऑफिसात कोणाच्या लक्षात आलं नाही कारण डोक्यावरचं ८.८ (बोल्टच्या ताकदीचा ग्रेड) इंग्रजीत आहे, आणि इंग्रजी आठ कसाही फिरवा आठच राहतो. बनवणाऱ्याची खूण असती तर उलटी दिसून लगेच कळलं असतं, पण ती त्यांनी 'क्लीन लूक'साठी पुसून टाकलेली. हाय टेन्साईल, म्हणजे जास्त ताकदीच्या, बोल्टच्या डोक्यावर मेकरची खूण नाही म्हणजे लाईनीतला माणूस तो बोल्ट हातातही धरत नाही, आणि हे आम्ही दारावर लावून बसलेलो. एजन्सीला फोन केला तर म्हणतात, अंकल, एवढं कोण बघतं.

मग हळूहळू फोन कमी झाले. ओरडणारं गिऱ्हाईक परवडलं, गप्प झालेलं नाही. जुन्या लिंका सगळ्या मेल्या होत्या, ज्यांनी मोबाईलवर तक्ता सेव्ह केलेला त्यांना '४०४' दिसायचं आणि त्यांनी धरलं की आम्ही दुकान बंद केलं. आणि नेमकं तेव्हाच दोन गाळे सोडून एकाने स्वतःच्या वेबसाईटवर तक्ता चढवला. हा माणूस आमच्याच काउंटरवर तयार झाला, व्हर्निअर कसा धरायचा हे वडिलांनी शिकवलं त्याला. तेच रकाने, तोच क्रम, पिवळा रंगसुद्धा तोच! लोकांना वाटलं आमचाच, फोन नंबर बदलला असेल. गल्लीत रोज समोर येतो, हसतो, चहा विचारतो. मी घेत नाही.

पण उचलताना त्याने डोकं वापरलं नाही. आमच्या तक्त्यात एम१४ बाय ९५ चा एक स्टड, म्हणजे बिनडोक्याचा बोल्ट, आहे. एम१४ आधीच कमी चालतो, त्यात ९५ लांबी बाजारात कोण ठेवतं? तो आम्ही काकांच्या जुन्या प्रेससाठी मुद्दाम बनवून घेतो, दुसरं गिऱ्हाईकच नाही त्याला. तो स्टडही त्याच्या तक्त्यात, पुढे 'रेडी स्टॉक'. हे काकांना सांगितल्यावर काकांनी आवाज बदलून त्याला फोन लावला आणि पन्नास नग सांगितले. हो हो, आहेत, उद्या पाठवतो. दुसऱ्या दिवशी शटर वर करतोय तोच त्याचा पोऱ्या आमच्या काउंटरवर, चिठ्ठीवर लिहिलेलं एम१४ बाय ९५ स्टड, पन्नास नग. दिले. रोख घेऊन दिले, बिल फाडलं, मालाचा एचएसएन कोड ७३१८, १८ टक्के जीएसटी, काउंटरचा रेट, एक पैसा कमी नाही. तेच स्टड आमच्याच खोक्यातून साकीनाक्याला पोचले, वर त्याचा मार्जिन चढवून. काकांनी पैसे दिले त्याला, पण तो वरचा फरक त्यांनी पुढच्या वेळी माझ्या बिलातून कापला, आणि त्यानंतरच्याही वेळी. मी काही बोलत नाही.

एजन्सीला तक्ता परत लावा म्हटलं तर त्यांनी 'चेंज रिक्वेस्ट'चं वेगळं कोटेशन दिलं. वर डोमेन त्यांच्या नावावर, ते सोडवताना नाकी नऊ आले. नवीन पोरांनो, डोमेन, होस्टिंग सगळं स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घ्या, आणि डिझायनरला काम द्यायच्या आधी एक दिवस काउंटरवर उभा करा, जेवायच्या सुट्टीसकट.

शेवटी भाच्यानेच सगळं नीट केलं, आता तो पुण्यात मोठ्या कंपनीत आहे. तक्ता पहिल्या पानावर, जुन्या लिंका चालू, एक्स टाका नाहीतर गुणाकार, बोल्ट सापडतो, '४ सूत' टाईप केलं तरी सापडतो. फोटो मी स्वतः काट्यावर ठेवून काढला, मेकरच्या खुणेसकट. नव्यातलं चांगलं तेही ठेवलं, मोबाईलवर नीट दिसतं, 'नॉट सिक्युअर' येत नाही, आणि व्हॉट्सअॅपच्या बटणावरून बाईकवाली पोरं येतात, दहा-बारा स्टेनलेसचे अॅलन बोल्ट घेतात, जागेवर यूपीआय करतात. उधारी नाही, कटकट नाही. फक्त रंग पिवळा ठेवला नाही, त्यावर काका अजून नाराज आहेत.

तक्त्यातले रेट सोमवारी बदलतो. स्टेनलेसचे ३०४ आणि ३१६ हे ग्रेड निकेलच्या भावावर हलतात, तेव्हा स्टेनलेस मोठ्या क्वांटिटीत हवं असेल तर आधी फोन करा. दोन गाळे सोडून जो तक्ता आहे त्यावर जाऊ नका, त्यातला एम१४ चा स्टड अजून 'रेडी स्टॉक' आहे आणि रेट आमचेच आहेत, जुने.