अंगावरचं छोटं घर

चर्चच्या सॅक्रिस्टीत, म्हणजे धर्मगुरूंच्या तयारीच्या खोलीत, लांब ओट्यावर मिस्साची, म्हणजे कॅथलिक उपासनाविधीची, वस्त्रं उलट्या क्रमानं मांडलेली असतात. सगळ्यात शेवटी अंगावर चढणारं चॅझ्युबल, म्हणजे वरचा झगा, सगळ्यात खाली, तेही पालथं. त्यावर स्टोल हा गळ्यात घालायचा लांब पट्टा, मग कमरेची दोरी, मग पायघोळ पांढरा अल्ब, आणि सगळ्यात वर अ‍ॅमिस नावाचा लिननचा साधा तुकडा. हात धुऊन आलेल्या धर्मगुरूंनी वरून एकेक उचलत जायचं. मांडणी चुकली तर ऐन घंटेच्या वेळी ढीग उपसावा लागतो, आणि चॅझ्युबल उताणं ठेवलेलं असेल तर ते पाठ पुढे येऊन चढतं.

यातला अ‍ॅमिस खरा कष्टकरी. लांबी-रुंदी साधारण 90 बाय 60 सेंटिमीटर, दोन कोपऱ्यांना लांब बंद, आणि एक बारीकसा क्रूस. क्रुसाचं चुंबन घ्यायचं, कापड क्षणभर डोक्याला टेकवायचं, खांद्यांवर उतरवून कड गळ्याशी खोचायची. बंद छातीवर फुलीसारखे घेऊन पाठीमागून पुढे आणायचे आणि बांधायचे. तो घालताना म्हणायच्या जुन्या प्रार्थनेत हे ‘तारणाचं शिरस्त्राण’ आहे. पण त्याही आधी तो घाम टिपणारा पंचा आहे. जरीकामाचं रेशीम धुता येत नाही आणि घामातलं मीठ रेशमाचा धागा कुजवतं, म्हणून मानेशी हा पहारेकरी. अल्बच्या गळ्यानं आतले कपडे नीट झाकले जात असतील तर अ‍ॅमिस घातला नाही तरी चालतो, असा आताचा नियम आहे. त्या सवलतीचा फायदा घेतला, की काही दिवसांनी महागड्या वस्त्राच्या गळ्यावर पिवळी कड उमटते.

अल्ब म्हणजे लॅटिनमध्ये नुसतं ‘पांढरं’. रोमन माणसाचा रोजचा अंगरखा तो हाच. चॅझ्युबल हा त्याच माणसाचा प्रवासातला घेरदार झगा. चहूबाजूंनी अंग झाकणारा, म्हणून नाव पडलं ‘कासुला’, छोटं घर. सुरुवातीच्या शतकांत पाद्र्यांचा वेगळा असा पोशाखच नव्हता. उलट 428 साली पोप सेलेस्टाइन पहिले यांनी गॉलमधल्या (आजच्या फ्रान्सकडच्या) बिशपांना खडसावलं होतं, की लोकांत आपण उठून दिसावं ते शिकवणुकीनं, कपड्यांनी नव्हे. पुढे लोकांची फॅशन बदलली, आखूड अंगरखे आणि विजारी आल्या; वेदीपाशी मात्र जुनाच वेश राहिला. म्हणजे वेगळे कपडे कुणी मुद्दाम शिवले नाहीत, बाकीच्यांनी आपले बदलले. अर्थ नंतर चढत गेले: अल्ब ही बाप्तिस्म्याची शुभ्रता, दोरी हा संयम, चॅझ्युबल हे ख्रिस्ताचं सोपं जू.

रुमालाचं तर भलतंच झालं. डाव्या हातावर टाकायचा तोंड पुसायचा रुमाल पुढे ‘मॅनिपल’ झाला आणि त्यावर इतकी जर चढली, की त्यानं नाक पुसायची कुणाची छाती होईना. 1967 साली तो ऐच्छिक झाला आणि बहुतेक ठिकाणी कपाटात गेला.

कमरेची दोरी सुमारे चार मीटर लांब असते. ती दुमडून दुहेरी करायची, कमरेभोवती घ्यायची आणि गोंडे फासातून ओवून घट्ट ओढायचे. दोरी बांधल्यावर अल्ब थोडा वर ओढून तिच्यावर सैल सोडायचा आणि घोट्यापाशी चारी बाजूंनी सारखा करायचा. हे राहिलं तर गुडघे टेकून उठताना पाय घोळात अडकतो, आणि तोल नेमका वेदीच्या पायरीवर जातो. स्टोलची दोन्ही टोकं याच दोरीत अडकवली तर वाकताना ती लोंबत नाहीत.

स्टोल ही अधिकाराची खूण. धर्मगुरूंच्या गळ्यातून तो दोन्ही बाजूंनी सरळ खाली येतो. डीकनचा, म्हणजे धर्मगुरूंच्या खालच्या पायरीवरच्या दीक्षिताचा, डाव्या खांद्यावरून तिरपा उजव्या कुशीकडे जातो. ऑर्थोडॉक्स धर्मगुरूंच्या स्टोलच्या दोन्ही पट्ट्या समोर एकमेकींना जोडलेल्या असतात. कॅथलिक रीतीत तो चॅझ्युबलच्या आत घालायचा असतो. छान भरतकाम लोकांना दिसावं म्हणून काही जण वरून घालतात. हौस समजण्यासारखी आहे, पण नियमात बसत नाही. मानेला लागणाऱ्या भागावर सुती पट्टी टाके घालून लावतात, ती उसवून धुता येते.

चॅझ्युबलचा घेर मध्ययुगानंतर आक्रसत गेला. कापड जड, त्यावर जर आणखी जड, आणि हात तर वर करायचे. म्हणून बाजू कापत कापत मागचा-पुढचा असे दोन ताठ फलकच उरले. घेर मोठा होता तेव्हा भाकर आणि प्याला उंचावताना मागे गुडघे टेकलेला वेदीसेवक झग्याची कड उचलून धरी, म्हणजे धर्मगुरूंच्या हातांवरचा भार हलका होई. जुन्या पद्धतीच्या मिस्सात तो आजही उचलतो, झगा पाठीपुरताच उरला असला तरी! आता पुन्हा घेरदार, हलक्या लोकरीची चॅझ्युबल आली आहेत. जरीच्या फलकांपेक्षा हीच डोळ्यांना बरी वाटतात. कापडाला पडायला जागा तर हवी.

रंग वर्षाप्रमाणे फिरतात. सामान्य काळात हिरवा, नाताळाआधीच्या आगमनकाळात आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळात जांभळा, नाताळ-ईस्टरला पांढरा, पेंटेकॉस्ट (पवित्र आत्म्याचा सण), गुड फ्रायडे आणि हुतात्म्यांच्या दिवशी लाल. गुलाबीला वर्षातून दोनच रविवार मिळतात, आगमनकाळाचा तिसरा आणि उपवासकाळाचा चौथा. आजाऱ्यांकडे जाताना न्यायचा छोटा स्टोल एका बाजूनं जांभळा, दुसरीकडून पांढरा असतो.

वस्त्रांचा शत्रू मेणबत्ती. मेण सांडलं की ओलं असताना पुसायचं नाही, ते आत मुरतं. कडक होऊ द्यायचं, नखानं खरवडायचं, उरलेलं टीपकागदांमध्ये धरून कोमट इस्त्रीनं ओढून घ्यायचं. मखमलीवर मात्र इस्त्री टेकवायची नाही, लव कायमची बसते. जड भरतकाम हँगरवर टांगलं की स्वतःच्याच वजनानं खांद्याशी फाटतं, म्हणून ते सपाट खणात, घड्यांमध्ये मऊ कागदाच्या वळकट्या घालून ठेवायचं.

एवढी बडदास्त रेशमाची. त्याला पाणी असं लागतच नाही. अ‍ॅमिस मात्र सारखा धुण्यात पडतो, वाळतो, इस्त्री होतो आणि पुन्हा ढिगाच्या माथ्यावर येऊन बसतो.