चांदसैली घाट आणि वाढदिवसाचा फ्लेक्स

दिवाळीच्या साफसफाईत पुण्यातल्या आमच्या सोसायटीने नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडच्या एका पाड्यासाठी अकरा गोण्या कपडे जमवले. टेम्पोवाल्या दादांनी वर चौकातले उतरवलेले फ्लेक्स कोंबले. मी म्हटलं, हा कचरा कशाला? म्हणाले, "असू द्या, झाकायला होतील."

सारंगखेड्याला तापी ओलांडली. दत्तजयंतीला इथे घोड्यांचा बाजार भरतो. आम्ही गेलो तेव्हा नुसती सामसूम. शहाद्यात चहावाल्याने अहिराणीत विचारलं, "इतल्या गोण्या लिसन कथा चालनात भाऊ?" धडगाव म्हटल्यावर त्याने आधी टेम्पोची चाकं बघितली. का, ते तळोद्यापुढे चांदसैली घाटात कळलं.

पाड्यावरच्या गुरुजींनी फोनवरच बजावलं होतं, फुकट वाटायचं नाही. १९९९ साली अंशू गुप्तांनी सुरू केलेल्या 'गूंज' संस्थेची हीच रीत: गावाने आपल्याला हवं ते काम ठरवून करायचं आणि मोबदल्यात शहरातलं सामान घ्यायचं. इथे लोकांनी पाण्याच्या झिऱ्याकडे जाणारी, पावसात वाहून गेलेली पायवाट दोन दिवसांत दगड लावून नीट केली होती. त्यामुळे शाळेच्या ओट्यावर गोण्या सोडल्या तेव्हा कुणी हात पसरले नाहीत. बायका बाजारात उभ्या असाव्यात तशा माल पारखत होत्या.

आणि माल काय होता! उंच टाचांच्या चपला. टिकल्या लावलेला घागरा. चेन तुटलेल्या जीन्स. माझाच लग्नातला ब्लेझर एका आजोबांनी हातात धरला, बाह्या चाचपल्या आणि घडी करून परत ठेवला. मला घाटात उतरून जावंसं वाटलं. सुती साड्या मात्र पटापट उचलल्या गेल्या, जुन्या आणि मऊ आधी. "गोधडीला," एक मावशी म्हणाल्या. पावरी बोलीतलं बाकीचं गुरुजींनी समजावलं: आठवड्याभरात अर्धा पाडा गुजरातेत ऊसतोडीला जाणार, थंडीत फडावरच निजायचं.

मग सगळ्यांची नजर टेम्पोकडे गेली. फ्लेक्स! कोपीवर, म्हणजे फडावरच्या झोपडीवर, टाकायला याहून चांगलं काही नाही, दव आत येत नाही. ब्लेझर परत ठेवणारे आजोबा आता हाताने लांबी मोजत होते. दोन घरांत थोडी वादावादीही झाली. गुरुजींनी कात्री मागवली.

कुठल्याशा भाऊंच्या वाढदिवसाचा सर्वांत मोठा फ्लेक्स आजोबांना मिळाला. छापील बाजू वर ठेवायची की खाली, यावर घरात चर्चा झाली. उन्हाने रंग उडतो म्हणून खाली ठरलं. म्हणजे या हंगामात फडावर आडवं झालं की वर भाऊ, हात जोडून.