थिबा राजवाडा: सहा वर्षांचं घर

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला मी कितीतरी वेळा गेले असेन, पण थिबा राजवाडा दर वेळी 'पुढच्या खेपेला' राहून जायचा. या वेळी मुद्दाम दुसरं काही ठरवलंच नाही. सकाळी रिक्षा केली आणि थेट राजवाड्याच्या फाटकाशी उतरले.

लाल रंगाची तीन मजली वास्तू, उतरती छपरं, कोरीव लाकूडकाम आणि वरच्या मजल्यावर अर्धगोल खिडक्यांना रंगीत इटालियन काचा. ब्रह्मदेशाचा (आजच्या म्यानमारचा) शेवटचा राजा थिबा याच्यासाठी इंग्रजांनी हा वाडा बांधला, तो 1910 साली पुरा झाला. राजाला रत्नागिरीत आणलं होतं 1886 च्या एप्रिलमध्ये. म्हणजे मधली चोवीस वर्षं तो इंग्रजांनी दिलेल्या बंगल्यांत राहिला. स्वतःच्या नावाचं घर मिळालं तेव्हा त्याची पन्नाशी उलटून गेली होती.

आत शिरल्यावर माझा हात आपसूक लाकडावर गेला. हा साग ब्रह्मदेशातला, असं सांगतात, आणि थिबाचं राज्य गेलं तेही सागापायीच. ब्रह्मदेशच्या जंगलांत लाकूडतोड करणाऱ्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनने ओंडके कमी मोजून दाखवले, असा ठपका ठेवून थिबाच्या दरबाराने 1885 मध्ये कंपनीला सुमारे तेवीस लाख रुपये दंड केला. इंग्रजांना वरचा ब्रह्मदेश हवाच होता आणि फ्रेंच तिथे पाय रोवतील अशी धास्तीही होती. दंडाचं निमित्त झालं. नोव्हेंबरमध्ये लढाई सुरू झाली आणि पंधरवड्यात संपलीसुद्धा. सव्वीस वर्षांच्या राजाला मंडालेच्या राजवाड्यातून बैलगाडीत बसवून नदीकाठच्या बोटीवर नेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना त्याची प्रजा उभी होती. आधी मद्रास, मग रत्नागिरी.

रत्नागिरीच का? त्या काळी इथे आगगाडी नव्हती. ती यायला पुढे शंभराहून अधिक वर्षं जावी लागली. पावसाळ्यात बोटी बंद, मागे सह्याद्री. राजाला जगापासून तोडायला याहून सोयीची जागा कुठली असणार! आणि ब्रह्मदेश तर देशाच्या पार दुसऱ्या टोकाला.

राजाला मी देवमाणूस करू इच्छित नाही. तो गादीवर आल्यावर 1879 मध्ये मंडालेत राजघराण्यातल्या ऐंशीच्या आसपास नातलगांची कत्तल झाली. त्यामागे मुख्यतः सासूचा हात होता असं इतिहासकार मानतात. पण ती झाली त्याच्या राज्यात. तरीही, तीस वर्षं पदरची माणकं विकत, कर्ज करत, सरकारी तनख्याकडे डोळे लावून बसलेला हा माणूस डोळ्यांसमोर आला की घशात काहीतरी अडकतं.

वरच्या मजल्यावर संगमरवरी फरशीचं दालन आहे. तिथून भाट्याची खाडी आणि तिच्यापलीकडे समुद्र दिसतो. राजा दुर्बिणीतून येणारीजाणारी गलबतं न्याहाळत बसायचा, असं इथली माणसं सांगतात. मी खिडकीशी बराच वेळ उभी राहिले. रंगीत काचेतून फरशीवर उतरलेला उजेड हळूहळू सरकत होता.

खाली राज्याच्या पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. मूर्ती पाहिल्या, पण लक्ष लागेना. मागच्या बाजूला राजाने आणवलेली बुद्धमूर्ती आहे. तिथे जास्त वेळ बसले.

या घरात तो जेमतेम सहा वर्षं राहिला. धाकटी राणी सुपयागले 1912 मध्ये गेली, आणि 16 डिसेंबर 1916 ला राजा. राणी सुपयालतचा हट्ट एकच होता: त्याचा देह मायदेशी गेला पाहिजे. इंग्रजांनी परवानगी दिली नाही आणि तिने दफनाला होकार दिला नाही. दोन वर्षांहून अधिक काळ राजाची शवपेटी या वाड्याच्या आवारातच राहिली. अखेर मार्च 1919 मध्ये सरकारने रत्नागिरीतच त्याचं दफन केलं. राणीला मात्र त्याच वर्षी रंगूनला परतायची मुभा मिळाली. ज्याला न्यायचं होतं तो मागे राहिला, आणि ती एकटी गेली.

त्याआधीच या घरात आणखी एक वादळ येऊन गेलं होतं. दुसरी राजकन्या 1917 मध्ये वडिलांच्या चिटणिसाबरोबर आईच्या मनाविरुद्ध लग्न करून निघून गेली. पण मला सर्वांत जवळची वाटली ती थोरली. हा वाडा उभा राहण्याआधीच तिचा जीव जडला होता राजाच्या द्वारपालावर, गोपाळ सावंतांवर. ते आधीच विवाहित होते. 1906 मध्ये तिला मुलगी झाली, टुटू. आई-लेकी 1919 मध्ये बाकीच्यांबरोबर रंगूनला गेल्या खऱ्या, पण तिथे राहिल्या नाहीत. राजकन्या परत रत्नागिरीला आली आणि 1947 मध्ये इथेच वारली. टुटूने इथेच संसार केला, गरिबीत दिवस काढले, आणि 2000 साली, नव्वदी उलटल्यावर, तिने याच गावात डोळे मिटले. मंडालेच्या राजाची ही नात मराठी बोलायची.

टुटूचं आयुष्य वाड्याच्या भिंतींवर कुठे फारसं लिहिलेलं नाही, ही माझ्या मनाला लागलेली गोष्ट. तिच्या नावाची निदान एक पाटी तरी इथे हवी.

संध्याकाळी शिवाजीनगरला गेले. तिथे राजाची आणि सुपयागलेची समाधी आहे, आजूबाजूला साधी वस्ती. 2012 च्या डिसेंबरमध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन इथे येऊन माथा टेकवून गेले. रंगूनमध्ये बहादूरशहा जफरच्या कबरीवर आपले नेते जातात, तसंच हे. दोन राजे, एकाच सत्तेने एकमेकांच्या देशात नेऊन पुरलेले.

मी राजवाड्यामागून उचललेलं सोनचाफ्याचं एक फूल पर्समध्ये होतं. दुपारच्या उन्हाने ते काळवंडलं होतं. तरी ते समाधीवर ठेवलं आणि रिक्षाकडे वळले.