पाकीट, विकलेला तास आणि फिलिपिन्सचा बातमीदार

पाकीट या शब्दाचा पत्रकारितेतला अर्थ मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. फिलिपिन्समध्ये त्याला 'एन्व्हलपमेंटल जर्नलिझम' म्हणतात. विकास पत्रकारितेची, म्हणजे 'डेव्हलपमेंटल जर्नलिझम'ची कल्पना १९६०च्या दशकात मनिलातच आकाराला आली. पुढे हुकूमशहा मार्कोसच्या राजवटीत तिचा सरकारी कौतुकसोहळा झाला, आणि टवाळखोर बातमीदारांनी दोन-तीन अक्षरं इकडची तिकडे करून तिचं पाकीट केलं.

तिथली धंद्याची बोलीही तितकीच तिखट आहे. 'एसी-डीसी' म्हणजे 'अटॅक-कलेक्ट, डिफेन्ड-कलेक्ट': आधी एखाद्या पुढाऱ्यावर तुटून पडायचं आणि विरोधकाकडून पैसे घ्यायचे, मग त्याच पुढाऱ्याची बाजू सावरायची आणि त्याच्याकडूनही घ्यायचे. 'एटीएम जर्नलिझम' त्याहून सोयीचं, कारण पैसे परस्पर खात्यात पडतात आणि कुणाला कुणाचं तोंडही बघावं लागत नाही. पत्रकार नसताना ओळखपत्र लटकवून पत्रकार परिषदेत जेवायला आणि पाकिटाला हजर राहणारे ते 'हाव-शाव'.

१९८८ साली ठरलेली पत्रकारांची अकरा कलमी आचारसंहिता आहे आणि तिच्यात भेटवस्तू न घेण्याचं कलम स्पष्ट आहे. अडचण येते ती प्रत्यक्ष नकार देताना. पाकीट पुष्कळदा प्रेस किटच्या फोल्डरमध्ये असतं, त्याला 'प्रवासखर्च' म्हटलं जातं, किंवा नाताळच्या पार्टीत सोडतीचं बक्षीस म्हणून ते समोर येतं. वाटणारा कधीकधी त्याच बीटवरचा, म्हणजे त्याच क्षेत्राच्या बातम्या करणारा सहकारी असतो. नाही म्हटलं तर 'पाकिकिसामा', म्हणजे चारचौघांशी जुळवून घेण्याची रीत मोडते, आणि देणाऱ्याला 'हिया', म्हणजे लाज वाटते. घेतलं तर 'उतांग ना लोओब', म्हणजे उपकाराचं ऋण, मानेवर बसतं. नवख्यांची इथे एक चूक होते: ते वाटणाऱ्या सहकाऱ्यालाच "नको" म्हणतात. तो ते स्वतःच्या खिशात घालू शकतो आणि पाकीट घेणाऱ्यांच्या यादीत नाव मात्र नकार देणाऱ्याचं राहतं. म्हणून पाकीट ज्या कार्यालयातून आलं तिथेच परत जायला हवं, संपादकाच्या सहीच्या पत्रासह, आणि पोच घेऊन. पोच नसेल तर नकार दिला हे सिद्ध करता येत नाही.

पण पाकिटावर प्रवचन देणं सोपं असतं. खरा हिशेब रेडिओवर, आणि तोही प्रांतात मांडायला हवा. मनिलाबाहेरच्या बऱ्याच बातमीदारांना ठरावीक पगार नसतो, छापून आलेल्या बातमीमागे मानधन मिळतं. छोट्या रेडिओ केंद्रांवर तर निवेदकाची कमाई जाहिरातींच्या कमिशनवर चालते. जाहिरात देणार कोण? गावात पैसे असलेली मोठी संस्था बहुधा एकच असते, नगरपालिका किंवा प्रांताचं सरकार. म्हणजे सकाळी ज्या महापौराच्या रस्त्याच्या कामावर प्रश्न विचारायचा, दुपारी त्याच्याच कार्यालयात वाढदिवसाच्या शुभेच्छांची जाहिरात मागायला जायचं. याला लाच म्हणत नाहीत. हे रीतसर, पावती देऊन होतं.

याच्या पुढची पायरी म्हणजे 'ब्लॉकटाइम'. केंद्र आपला एक तास ठोक भावाने विकतं. घेणारा त्या तासाचा मालक होतो: प्रायोजक तो आणतो, विषय तो ठरवतो, बोलतोही तोच. केंद्राच्या वृत्तविभागाचा त्याच्याशी संबंध नसतो, आणि पुष्कळ ठिकाणी सगळा बिघाड इथेच होतो. प्रसारणाआधी कुणी मजकूर तपासत नाही, दुसरी बाजू घेतली का हे विचारत नाही. दर तीन वर्षांनी मे महिन्यात स्थानिक निवडणुका येतात तेव्हा असे तास उमेदवारांना हवेच असतात. २००१च्या निवडणूक कायद्यानुसार उमेदवारासाठी काम करणाऱ्या निवेदकाने रजा घ्यायची, किंवा मालकाने सांगितलं तर राजीनामा द्यायचा. पण ज्याने तासच विकत घेतला आहे त्याला सांगणारा मालक कोण? प्रसारकांची 'केबीपी' ही संघटना १९७३पासून आहे, तिची संहिताही आहे, पण तिचा वचक सदस्य केंद्रांपुरताच.

ब्लॉकटाइमर सगळे भाडोत्री असतात असा अर्थ मात्र कुणी काढू नये. गावातल्या खाणीबद्दल, बेकायदा वृक्षतोडीबद्दल, जुगाराच्या अड्ड्यांबद्दल जे बोललं जातं त्यातलं बरंचसं याच विकत घेतलेल्या तासांत बोललं जातं. प्रामाणिक आणि भाडोत्री, दोघांचा माइक एकच असतो, आणि दोघांच्याही पाठीशी कुणी नसतं.

पाठीशी कुणी नसणं महागात पडतं ते कोर्टात. फिलिपिन्समध्ये बदनामी हा अजूनही फौजदारी गुन्हा आहे, १९३०च्या दंडसंहितेखाली. कलम ३५४ सांगतं की बदनामीकारक विधान खरं असलं तरी ते आकसाने केलं असंच गृहीत धरायचं, चांगला हेतू दाखवायची जबाबदारी लिहिणाऱ्याची. 'पण ते खरं आहे' एवढंच म्हणून सुटका होत नाही. २०१७च्या दुरुस्तीनंतर दंड ४० हजार ते १२ लाख पेसो झाला. २०१२च्या सायबर कायद्याने तोच मजकूर ऑनलाइन असेल तर शिक्षा एक पायरी वर नेली.

यातला बारकावा 'रॅपलर' या वृत्तसंकेतस्थळाच्या प्रमुख मारिया रेसा यांच्या खटल्यात दिसला. 'रॅपलर'वरची बातमी मे २०१२ची, सायबर कायदा सप्टेंबर २०१२चा. म्हणजे खटला उभाच राहायला नको होता. पण फेब्रुवारी २०१४मध्ये त्या बातमीतल्या एका इंग्रजी शब्दातलं चुकलेलं एक अक्षर दुरुस्त झालं होतं, आणि तेच पुनर्प्रकाशन धरलं गेलं. जून २०२०मध्ये रेसा आणि मूळ लेखक दोघे दोषी ठरले. जुन्या पानाला हात लावताना काय बदललं, कधी, कुणी आणि का, याची नोंद ठेवणं हे तेव्हापासून निव्वळ टापटिपीचं काम राहिलेलं नाही. सायबर बदनामीचा खटला भरण्याची मुदत बारा वर्षं मानली जात होती, ती एक वर्षच आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३मध्ये एका वेगळ्या प्रकरणात सांगितलं.

दुसरा सापळा फोनचा. १९६५चा कायदा क्रमांक ४२०० असं सांगतो की खासगी संभाषणातल्या सगळ्यांची संमती नसेल तर रेकॉर्डिंग गुन्हा आहे, आणि १९९५च्या निकालाप्रमाणे संभाषणात स्वतः सामील असलेल्यालाही सूट नाही. शिक्षा सहा महिने ते सहा वर्षं. लाच मागणाऱ्या अधिकाऱ्याचा आवाज गुपचूप टिपणारा बातमीदार असा स्वतःच आरोपी होतो. सुरुवातीलाच "रेकॉर्ड करतोय" म्हणायचं आणि समोरच्याचा होकारही त्याच रेकॉर्डिंगमध्ये येऊ द्यायचा. नकार आला तर तारीख-वेळ घालून हाताने टिपणं काढायची.

स्रोताचं नाव न सांगण्याचा हक्क १९४६पासून छापील माध्यमांना आहे. रेडिओ, टीव्ही आणि ऑनलाइन माध्यमं त्यात आली ती थेट २०१९मध्ये. त्यातही कायद्याची भाषा रीतसर मान्यता असलेला पत्रकार डोळ्यांसमोर ठेवते. एकट्याने तास चालवणाऱ्याला ती मान्यता द्यायची कुणी?

२३ नोव्हेंबर २००९ला मॅगिंदनाओ प्रांतात अँपातुआन गावाजवळ ५८ जणांना मारलं, त्यातले ३२ माध्यमांतले, आणि बऱ्याच जणांना खड्ड्यांत पुरलं. एका उमेदवाराचा अर्ज भरला जाणार होता आणि त्याच्या बायकोबरोबर जाणाऱ्या ताफ्यात ते होते, बहुतेक जवळपासच्या शहरांतल्या छोट्या वर्तमानपत्रांचे आणि रेडिओ केंद्रांचे लोक. खटला दहा वर्षं चालला. १९ डिसेंबर २०१९च्या निकालात खून मोजले गेले ५७. अठ्ठावन्नावे होते रेनाल्डो मोमाय, एका प्रांतिक वर्तमानपत्राचे छायाचित्रकार. त्यांचा मृतदेह मिळाला नव्हता. त्या जागी फक्त त्यांची कवळी सापडली होती, आणि ते तिथे होते हे सिद्ध करायला कोर्टाला ती पुरेशी वाटली नाही.