वीया देई नेरीच्या कोपऱ्यावरचा तास

मी फ्लोरेन्समध्ये एका अमेरिकी विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रात कलेचा इतिहास शिकवते. अशी केंद्रं या शहरात डझनांनी आहेत. मुलं एका सत्रापुरती येतात आणि कागदोपत्री आम्ही शिकवणारेही एका सत्रापुरतेच असतो. करार सप्टेंबरात सुरू होतो, डिसेंबरात संपतो. पुरेशी नावनोंदणी झाली नाही तर विषयच रद्द होतो. माझे कितीतरी सहकारी दोन-तीन केंद्रांत तास घेऊन घर चालवतात.

त्या नोव्हेंबरात मुख्य विद्यापीठातून एक वरिष्ठ प्राध्यापिका आमच्या तासांची पाहणी करायला आल्या होत्या. माझा तास सांता क्रोचे चर्चमध्ये होता, विषय तेराव्या शतकातला चित्रकार चिमाबुए याने रंगवलेला मोठा लाकडी क्रूस. १९६६ च्या आर्नो नदीच्या पुरात त्याचा सुमारे ६० टक्के रंग गेला. गेलेला भाग नव्याने रंगवून लपवलेला नाही. तिथे बारीक रंगीत रेघा भरल्या आहेत, त्यामुळे जवळून पाहिलं की मूळ कुठलं आणि भर कुठली ते कळतं. हे मुलांना क्रूसासमोर उभं करूनच दाखवायचं असतं.

केंद्रात इटालियन शिकवणारे आमचे ज्येष्ठ सहकारी त्या दिवशी आमच्याबरोबर निघाले. त्यांचा सकाळचा तास संपला होता. वीया देई नेरी आणि वीया सान रेमिजिओ या रस्त्यांच्या कोपऱ्यावर ते थांबले. तिथल्या भिंतीवर पुराचं पाणी कुठवर चढलं ते दाखवणाऱ्या दोन पाट्या आहेत. खालची दगडी पाटी ४ नोव्हेंबर १३३३ ची. तिच्यावर कोरलेला हात लाटांच्या रेघेकडे बोट दाखवतो. तिच्याही वर ४ नोव्हेंबर १९६६ ची पाटी. तारीख तीच, मध्ये ६३३ वर्षं. मुलांना माना मागे टाकून वर बघावं लागलं.

‘‘सहासष्टच्या पुरात मी सतरा वर्षांचा होतो,’’ ते म्हणाले. मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं शेजारच्या टेबलावर बसून आम्ही वह्या तपासत होतो!

पाणी ओसरल्यावर ते राष्ट्रीय ग्रंथालयात गेले होते. तळघरापासून वरपर्यंत पोरांची रांग लागली होती आणि चिखलाने माखलेलं पुस्तक हातोहात वर जात होतं. हिवाळ्यासाठी नुकत्याच भरलेल्या टाक्यांमधलं तेल पुराच्या पाण्यात मिसळलं होतं. वास इतका की काही जण गॅस मास्क लावून काम करत. पुढे ती पुस्तकं तंबाखू वाळवायच्या भट्ट्यांमध्ये सुकवली गेली, पानं धुवायला रेल्वे स्टेशनची बॉयलर खोलीसुद्धा वापरली.

एका मुलीने विचारलं, ‘‘आधी कुठली पुस्तकं काढायची हे कोण ठरवत होतं?’’

‘‘आमच्या रांगेत कुणीच नाही. हातात येईल ते पुढे द्यायचं. नावं वाचता येत नव्हती, चिखल होता.’’ मग त्यांनी दोन्ही हात पुढे करून दाखवलं, भिजलेलं पुस्तक कसं धरायचं ते: खालून, तळव्यांवर आडवं, मिटलेलंच. उघडलं तर पानं फाटतात. नकळत तीन-चार मुलांनीही तसेच हात पुढे केले.

पाहणीच्या तक्त्यातले ‘अभ्यासक्रमाशी सुसंगती’ वगैरे रकाने प्राध्यापिकाबाईंनी तिथे भरले नाहीत. त्या ऐकत उभ्या होत्या. चर्चमध्ये पोहोचायला अर्धा तास उशीर झाला. पण त्या दिवशी मुलं क्रूसासमोरून हलत नव्हती. रेघांमधला फरक ती स्वतः शोधत होती, एकमेकांना बोलावून दाखवत होती. एरवी या ठिकाणी मला तीच गोष्ट दोनदा सांगावी लागते.

संध्याकाळच्या बैठकीत मी स्पष्टच बोलले. तुम्ही माहितीपत्रकात ‘शहर हाच वर्ग’ असं छापता. ते शहर ज्यांच्या अंगात मुरलं आहे ती माणसं दर डिसेंबरात तुमच्या यादीतून पुसली जातात. आजचा अर्धा तास सहकाऱ्यांनी फुकट दिला, त्याला तुमच्याकडे रकानाच नाही. बाईंनी ते लिहून घेतलं आणि खरोखर पाठपुरावा केला. पुढच्या शरद सत्रापासून तो फेरफटका माझ्या अभ्यासक्रमात आला, सहकाऱ्यांच्या नावासह आणि मानधनासह.

करार मात्र अजून सत्राचाच आहे. त्यांचाही आणि माझाही. तो वर्षाचा व्हावा यासाठी आम्ही सगळ्यांनी मिळून अर्ज दिला आहे, आणि उत्तर येईपर्यंत दर सत्राच्या सुरुवातीला तो पुन्हा देणार आहोत.