बसून बिघडणारं यंत्र

पेट्रोलवर चालणारं लॉनमोवर घेताना माणूस पात्याची रुंदी विचारतो, इंजिन किती सीसीचं ते विचारतो, मागून ढकलावं लागतं की चाकं आपली आपण पुढे जातात याची खात्री करून घेतो. उभं असताना हे यंत्र काय करतं, हे मात्र कुणी विचारत नाही. आणि सगळी मेख तिथेच आहे. आठवड्यातून एकदा, फार तर तासभर, तेही गवत जोमात असतं तेवढ्याच महिन्यांत. वर्षाकाठी 30 तास भरले तरी खूप झालं. उरलेले 8,730 तास ते कोपऱ्यात बसून काढतं, आणि त्याची बहुतेक दुखणी त्या बसण्यातूनच उपजतात.

पेट्रोल शिळं होतं, यावर गाडीवाल्यांचा विश्वास बसत नाही. त्यांचं बरोबर आहे. गाडीची टाकी बंदिस्त, आणि आजचं पेट्रोल चार-आठ दिवसांत जळूनही जातं. इथे टाकी लहान, बहुतेक झाकणांना हवेसाठी बारीक छिद्र, आणि आत पेलाभर पेट्रोल महिनोन्‌महिने पडून. त्यातला हलका, पटकन पेटणारा भाग आधी उडून जातो. मागे राहतो तो जड, चिकट ऐवज. त्यात इथेनॉल मिसळलेलं असेल तर ते हवेतला ओलावा धरतं, आणि पाणी जास्त झालं की दोघं मिळून पेट्रोलपासून फुटून तळाशी जाऊन बसतात. इंजिनाची नळी नेमकी तळातूनच ओढते. म्हणूनच महिन्याभराहून जुनं पेट्रोल घालू नका, असं इंजिनवाले माहितीपुस्तकात सांगत असतात. ते पान कुणी वाचत नाही.

लक्षणं ठरलेली. चोक देऊन दोरी ओढली की यंत्र सुरू होतं, थोडं गुरगुरतं आणि मान टाकतं. किंवा चालतं, पण आवाज वर-खाली होत राहतो. अशा वेळी प्लग बदलायची घाई करू नये. आधी कार्ब्युरेटरची, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाची, वाटी उतरवावी. खाली एकच बोल्ट असतो. तो सैल केला की आधी बोटांवर पेट्रोल येतं, आणि वासावरूनच निम्मं निदान होतं: जुन्या व्हार्निशचा डबा उघडल्याचा वास. वाटी उजेडात तिरकी करून बघितली तर पेट्रोलच्या तळाशी पाण्याचा एक थेंब अळवावरच्या पाण्यासारखा इकडून तिकडे पळताना दिसतो. जिथे तो बसून राहिला तिथे धातूवर पांढरी भुकटी धरलेली असते. बऱ्याच इंजिनांत तो बोल्ट हाच जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं तोंड, असतो. त्याच्या अंगात आडवं भोक असतं, मिलिमीटरहूनही बारीक. वायरची एक तार सुटी करून ती त्यातून हलक्या हाताने फिरवायची आणि डोळ्यासमोर धरायचं. पलीकडचा उजेड ठिपक्याएवढा दिसला की काम झालं. एवढ्याशा भोकासाठी कित्येक यंत्रं भंगारात गेलीत. वाटीची रबरी रिंग मात्र क्लीनरचा फवारा मारण्याआधी बाजूला ठेवावी. क्लीनर लागला तर ती फुगते आणि मग काही केल्या खाचेत बसत नाही.

बाकी यंत्र अगदी साधं आहे. साध्या मॉडेलला ना बॅटरी, ना सेल्फ. फ्लायव्हीलवरचं, म्हणजे इंजिनाच्या जड फिरत्या चाकावरचं, चुंबक कॉइलसमोरून गेलं की ठिणगी पडते, आणि ते फिरवायला आपला हात. दोरीवर राग काढणारे लोक बघवत नाहीत. हळूच ओढून दोरी जड लागेपर्यंत आणायची, मग एक लांब ओढ. इंजिन धडधाकट असेल तर तेवढं पुरतं. नसेल तर खांदा उखडेपर्यंत ओढूनही उपयोग नाही.

पात्याचं प्रकरण निराळं. इतिहासातलं पहिलं गवतयंत्र इंग्लंडमध्ये एडविन बडिंगने काढलं, 1830 साली. गिरणीत लोकरी कापडावरची लव छाटणारं यंत्र बघून त्याला ते सुचलं, आणि त्याची पाती गवत कात्रीत धरून कापत. आपलं यंत्र कापत नाही, फटका मारतं. पातं थेट इंजिनाच्या दांड्यालाच लावलेलं. 53 सेंटिमीटरचं पातं मिनिटाला 3,000 फेरे घेत असेल तर त्याच्या टोकाचा वेग ताशी 300 किलोमीटरच्या घरात जातो. काम करतात ती फक्त टोकाकडची काही सेंटिमीटर. मागची वळवलेली कड वारा ओढून गवत उभं करते. धार गेली की तेच पातं गवत ओरबाडतं, आणि दोन दिवसांत शेंडे तपकिरी पडतात. दोष मग पाण्याला नाहीतर खताला जातो.

धार लावायला बसायचं तर पहिल्यांदा प्लगची वायर काढून लांब ठेवायची. इथे सबब चालत नाही. यंत्र कलंडवताना कार्ब्युरेटर आणि एअर फिल्टरची बाजू वर हवी, नाहीतर ऑइल त्या फिल्टरमध्ये उतरतं आणि पुढच्या वेळी पांढऱ्या धुराचा लोट उठतो. धार वस्तऱ्याची नको, ती पहिल्याच खड्यावर जाते. कानस मारून झाली की पातं मधल्या भोकाने खिळ्यावर अडकवून बघायचं. जी बाजू खाली झुकेल ती अजून थोडी घासायची. तोल न साधलेलं पातं हाताला मुंग्या आणतं आणि इंजिनाच्या बेअरिंगला त्याहून वाईट काहीतरी. हँडलवरची दाबून धरायची दांडी सोडली की 3 सेकंदांत पातं थांबलं पाहिजे, असा अमेरिकेत 1982 पासून नियम आहे. ती दांडी सुतळीने बांधून ठेवणाऱ्यांना काय म्हणावं?

फिरत्या पात्याचं यंत्र घरोघरी पोचवण्यात ऑस्ट्रेलियाच्या मर्विन व्हिक्टर रिचर्डसनचा मोठा वाटा. 1952 मध्ये त्याने सिडनीत जे पहिलं यंत्र जुळवलं, त्याला पेट्रोलची टाकी म्हणून पीच फळांचा रिकामा डबा लावला होता. पेट्रोल ठेवायच्या जागेचा विचार या यंत्रात तेव्हापासूनच शेवटी होत आला असावा, असं मला कधीकधी वाटतं.

हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करावी की काठोकाठ भरावी, यावर दोन तट आहेत. भरणारे म्हणतात, हवेला जागाच ठेवली नाही तर ओलावा येणार कुठून. वर ते पेट्रोल टिकवायचं औषध घालतात आणि ते कार्ब्युरेटरपर्यंत पोचावं म्हणून यंत्र थोडं चालवून ठेवतात. मी रिकामं करणाऱ्यांतला. कॉक बंद करायचा, इंजिन उपाशी पडून आपोआप बंद होऊ द्यायचं, मग वाटीचा बोल्ट सैल करून तळाचे चार थेंबही काढायचे. ऑइलही याच वेळी बदलायचं, हंगामाच्या सुरुवातीला नव्हे. वापरलेल्या ऑइलमधलं आम्ल बसल्या बसल्या धातू खात राहतं. लागतं जेमतेम 600 मिलिलिटर. यंत्रं दोन्ही तटांची सुरू होतात, आणि श्रेय ज्याच्या त्याच्या पद्धतीला जातं.

आता बॅटरीवाली यंत्रं आली आहेत, आणि पेट्रोलवर होणारी तक्रार रास्त आहे. हे छोटं इंजिन आकाराच्या मानाने फार घाण सोडतं, आवाजाबद्दल तर बोलायलाच नको. कॅलिफोर्नियाने 2021 मध्ये कायदा करून अशा नव्या इंजिनांची विक्री 2024 च्या मॉडेलपासून बंद करायचं ठरवलं. बसून राहण्याचे नियम मात्र बॅटरीलाही चुकले नाहीत: पूर्ण उतरलेली ठेवायची नाही, पूर्ण भरूनही ठेवायची नाही, फार गरम जागेत तर नाहीच. हे यंत्र आटोपलं की मीही तिकडेच जाईन. तोवर पाना आणि ती एक तार हाताशी आहे. बॅटरीचा डबा उघडू नका, असं त्या डब्यावरच लिहिलेलं असतं.